दोनशे डॉलरचा ब्रश आणि चिमूटभर मशेरी

पत्र थोडक्यात : सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. वय ४७. घरात नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि ७३ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंच्या बोटांना संधिवात आहे, ब्रश नीट धरवत नाही आणि गेले काही महिने दात घासताना हिरड्यांतून रक्त येतंय. दाताच्या डॉक्टरांनी 'इलेक्ट्रिक ब्रश वापरून बघा' एवढंच सांगितलं आणि घरात मतं फुटली. अमेरिकेतला दीर दिवाळीला येताना दोनशे डॉलरचा, मोबाइलला जोडायचा ब्रश आणतो म्हणतोय. नवऱ्याचं म्हणणं, आजोबा बाभळीच्या काडीनं दात घासायचे आणि म्हातारपणीही ऊस दातांनी सोलायचे, हे चोचले कशाला? शेजारीण म्हणते, ऑनलाइन चारशे रुपयांत मिळतो, तोही थरथरतोच. ताईंचे प्रश्न असे : कोणता घ्यावा? एकच मशीन घेऊन चौघांनी चार हेड, म्हणजे ब्रशची काढता येणारी टोकं, लावली तर चालेल का? त्यांच्या स्वतःच्या हिरड्या खाली सरकल्यात, इलेक्ट्रिक ब्रशनं त्या आणखी झिजतील का? आणि अगदी शेवटी एक ओळ : 'ता. क. सासूबाई सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात, पण ते पन्नास वर्षांचं आहे, त्याचा इथे काही संबंध नाही.'

ताई,

तीस वर्षं दातांचा दवाखाना चालवला. त्या काळात पेशंट खरी गोष्ट कधी सांगतो हे मला पाठ झालं होतं. खुर्चीत बसल्यावर नाही, तपासताना नाही; सगळं आटोपून चपला घालताना, दाराची कडी हातात धरून. 'डॉक्टर, बाकी काही नाही, पण...' तुमचं ता. क. वाचलं आणि ती कडी आठवली. तिथे मी येणार आहे आणि जरा जास्तच वेळ थांबणार आहे. पण आधी ब्रशचं बोलते, नाहीतर तुम्ही म्हणाल, विचारलं काय आणि बाई बोलतायत काय.

तुमच्या यजमानांच्या आजोबांबद्दल मला आदर आहे. काडी चावून तिचा कुंचला करायचा आणि ओट्यावर बसून निवांत पाव तास दात घासायचे, याला मी नावं ठेवणार नाही. वेळ दिला की काडीनंसुद्धा दात बऱ्यापैकी स्वच्छ निघतात. पण त्या काळी घरात साखर सणासुदीला यायची, चहाचे पाच-पाच कप होत नव्हते आणि बिस्किटाचा पुडा फडताळात नसायचा. शिवाय आपल्याला ऊस सोलणारे आजोबा आठवतात. त्याच वाड्यात चाळिशीतच तोंडाचं बोळकं झालेल्या दोन आज्या असतील, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. आणि समजा काडी उत्तमच आहे, तरी ज्या बोटांना ब्रश धरवत नाही त्यांना काडी कशी धरवेल? यजमानांना एवढंच विचारा.

हा यंत्राचा ब्रश मुळात आळशी श्रीमंतांसाठी निघाला, असं पुष्कळांना वाटतं. ते तसं नाही. ब्रॉक्सोडेंट नावाचा इलेक्ट्रिक ब्रश १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाला, तो ज्यांच्या हाताच्या हालचाली नीट होत नाहीत अशा रुग्णांसाठी आणि दातांना तारा लावलेल्यांसाठी. तेव्हा त्याची वायर थेट भिंतीतल्या प्लगला जोडावी लागे. म्हणजे हे यंत्र ज्यांच्यासाठी बनलं, त्यांच्यात तुमच्या सासूबाई अगदी पहिल्या रांगेत बसतात. संधिवात, कंपवात, अर्धांगवायूनंतर अधू झालेला हात, या सगळ्यांत जाड मुठीचा आणि स्वतः हलणारा ब्रश हा चोचला होत नाही. त्यामुळे 'घ्यावा की नाही' या प्रश्नाचं सासूबाईंपुरतं माझं उत्तर सरळ आहे : घ्या.

तुमच्यापुरतं आणि यजमानांपुरतं उत्तर मात्र तेवढं सरळ नाही. २०१४ साली कॉक्रेन या संस्थेनं साध्या आणि इलेक्ट्रिक ब्रशची तुलना करणाऱ्या ५६ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात पाच हजारांहून जास्त माणसं होती. इलेक्ट्रिक ब्रश वापरणाऱ्यांच्या दातांवरचा चिकट थर पहिल्या एक ते तीन महिन्यांत ११ टक्क्यांनी कमी आढळला आणि तीन महिन्यांपुढे २१ टक्क्यांनी. हिरड्यांच्या सुजेत फरक अनुक्रमे ६ आणि ११ टक्के. फरक आहे, पण डोळे दिपावेत असा नाही. आणि एवढ्या फरकानं दात किती जास्त वर्षं टिकतात, हे त्या तपासणीलाही सांगता आलं नाही. ज्याचे हात धड आहेत आणि जो दोन मिनिटं नीट घासतो, त्याला पन्नास रुपयांचा मऊ ब्रश पुरतो. अडचण एवढीच की दोन मिनिटं कोणी घासत नाही. घड्याळ लावून बघा एकदा. चाळीस-पन्नास सेकंदांत आपण चूळ भरून मोकळे होतो आणि आपल्याला वाटतं, चांगली पाच मिनिटं झाली.

आता बाजारात काय असतं ते बघू.

तुमच्या शेजारणीचा चारशे रुपयांचा ब्रश म्हणजे बहुतेक वेळा पेन्सिल सेलवर चालणारा, साध्या ब्रशला मोटर बसवलेला. तो थरथरतो, पण फारशी सफाई त्या थरथरण्यातून होत नाही. घासावं आपल्यालाच लागतं. मूठ जाड असते हा त्याचा फायदा. महिन्या-दोन महिन्यांत सेल मंदावले की तो निव्वळ जड ब्रश उरतो.

त्याच्या वर दोन जाती आहेत. एक गोल, छोट्या हेडचा. हे हेड अर्धवट गोल पुढे-मागे फिरतं आणि एका वेळी एक दात कवेत घेतं. ओरल-बी कंपनीचे ब्रश प्रामुख्यानं याच जातीचे. दुसरी जात सोनिक. फिलिप्सचे प्रसिद्ध आहेत आणि भारतीय कंपन्यांचेही बरेच आलेत. त्याचं हेड आपल्या नेहमीच्या ब्रशसारखं लांबट असतं, पण केस मिनिटाला तीस हजारांच्या घरात फटके मारतात, म्हणून गुणगुणल्यासारखा आवाज येतो. कॉक्रेनच्या तपासणीत सर्वांत जास्त पुरावा गोल फिरणाऱ्यांचा होता. पण दवाखान्यातल्या अनुभवावरून सांगते, दोन्हींतला जो ब्रश माणूस रोज वापरतो तो चांगला. गोल हेड लहान असल्यामुळे मागच्या दाढेपर्यंत सहज पोचतं, हे वयस्क माणसांच्या कामाचं. मात्र तो जरा खडखडतो, ते काहींना सोसत नाही. सोनिक ब्रश सौम्य वाटतो, पण सुरुवातीला हिरड्यांना आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत गुदगुल्या होतात. आठवड्याभरात सवय होते.

किमतीचं म्हणाल तर चार्जिंगचा बरा ब्रश हजार-दीड हजारापासून मिळतो. त्यात मी तीनच गोष्टी बघीन. दोन मिनिटांचा टायमर, जो दर तीस सेकंदांनी खुणेचा झटका देतो, म्हणजे तोंडाच्या चार भागांना सारखा वेळ मिळतो. जास्त दाबलं की सांगणारा सेन्सर. आणि मऊ केसांची हेड आपल्या गावात किंवा भरवशाच्या ऑनलाइन दुकानात सहज मिळणं. याच्यावर जे पैसे जातात ते ब्रश चालण्याचे पाच-सात प्रकार (मोड), रंगीत दिवे, प्रवासाची डबी आणि मोबाइलवरचा नकाशा यांचे असतात. शिक्षिका आहात म्हणून सांगते, तो नकाशा म्हणजे प्रगतिपुस्तक : कुठला कोपरा राहिला, किती गुण पडले. सुरुवातीला मुलांना मजा वाटते, पंधरा दिवसांनी कोणी बघत नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी बेसिनसमोर मोबाइल धरून दात घासायला कोण तयार होईल?

सासूबाईंसाठी निवडताना मात्र यादी बदलते आणि ती कुठल्याही जाहिरातीत नसते. ब्रश हातात घेऊन बघायला मिळाला तर उत्तम. मूठ जाड हवी, पण मशीन जड नको. बाहेरून रबराची पकड असावी, गुळगुळीत प्लॅस्टिक ओल्या हातातून निसटतं. बटण किती कडक आहे ते बघा; संधिवाताच्या अंगठ्यानं, तेही ओल्या, ते दाबता यायला हवं. बटण एकच असावं आणि मोडही शक्य तर एकच. दोन-तीन मोडच्या ब्रशमध्ये होतं काय, बंद करायला बटण दाबलं की पुढचा मोड सुरू होतो, माणूस गोंधळून ब्रश तोंडाबाहेर काढतो आणि आरसा, भिंत, चष्मा सगळीकडे फेस. एवढ्यावरून ब्रश कपाटात गेलेले मी पाहिलेत. चार्जिंगला केबल खुपसावी लागते की नुसता स्टँडवर उभा करायचा, हेही बघा. बारीक केबल भोकात घालणं त्या बोटांना जमणार नाही. हेड ओढून काढणं तर नाहीच जमणार, ते आठवड्यातून एकदा तुम्ही किंवा मुलीनं करावं, खालचा पांढरा राप धुवावा आणि कोरडं करून ठेवावं. विजेची काळजी नको. चांगली बॅटरी दहा-पंधरा दिवस पुरते, तेवढ्यात लाइट येतेच.

सासूबाईंना पेसमेकर असेल तर तुम्ही लिहिलं असतंत, पण इतर वाचकांसाठी सांगून ठेवते : ब्रश आणि विशेषतः त्याचा चार्जिंग स्टँड पेसमेकरपासून निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवायचा. आणि त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यायचं.

दिराच्या ब्रशचं काय करायचं? प्रेमानं आणतोय, मोडता घालायला जीव होत नाही, हे समजतं. पण अमेरिकेत ११०-१२० व्होल्टची वीज असते, आपल्याकडे २३०. तिथे विकल्या जाणाऱ्या कित्येक ब्रशांचे चार्जर फक्त तिथल्याच विजेवर चालतात. चार्जरच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरांत 'इनपुट' लिहिलेलं असतं; तिथे १०० ते २४० असेल तर नुसती पिन बदलून चालेल. फक्त ११० किंवा १२० असेल तर इथल्या प्लगमध्ये घालायचा नाही. चार्जर जळतो. माझ्याकडे एक गृहस्थ मुलानं पाठवलेला असाच ब्रश घेऊन आले होते, पहिल्याच संध्याकाळी बेसिनवर धूर झाला होता. पिन बदलायचा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण वीटभर आकाराचा डबा बाथरूमजवळ कोण ठेवणार?

दुसरं, हेड. ती सर्वसाधारणपणे तीन महिन्यांनी बदलायची, केस पसरले तर त्याआधीच. म्हणजे माणशी वर्षाला चार. एका कंपनीचं हेड दुसऱ्या कंपनीच्या ब्रशला बसत नाही आणि कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांनाही बसत नाही. अमेरिकेतल्या मॉडेलचं हेड इथे मिळालं नाही तर दोनशे डॉलरची नुसती मूठ उरते. म्हणून दुकानात मशीनची किंमत विचारायच्या आधी हेडची विचारा, तिला चारानं गुणा आणि मग ठरवा. फार स्वस्त 'कंपॅटिबल' हेडच्या मोहात पडू नका. त्यांचे केस टोकाला नीट गोलावलेले नसतात, हिरडीला ओरखडे येतात.

यातूनच तुमच्या 'एक मशीन, चार हेड' या बेताचंही उत्तर निघतं. चालतं, त्यात गैर काही नाही. हेडांना ओळखण्यासाठी रंगीत कड्या त्यासाठीच असतात. पण सकाळी साडेसहाला शाळेची गडबड, एक बेसिन आणि एक मूठ! पहिल्या आठवड्यातच सासूबाई म्हणतील, 'तुमचं आवरू द्या, मी नंतर बघते.' आणि ते नंतर येत नाही. त्यांचा ब्रश त्यांचाच असू द्या. नऊ वर्षांच्या मुलीला सध्या साधा मऊ ब्रश आणि दोन मिनिटांचं गाणं पुरे. हट्टच केला तर तुमच्या मशीनला तिचं छोटं, मऊ हेड लावा, तुमच्या नजरेसमोर.

म्हणजे तुम्ही स्वतःसाठी घेणार असाल तर. तुमच्या हिरड्या खाली सरकल्यात आणि तुम्ही इलेक्ट्रिक ब्रशला भिताय, पण माझा संशय उलट आहे : त्या तुमच्या आत्ताच्या घासण्यानं सरकल्या असाव्यात. पातेल्याचा करप काढावा तसे आपण बायका दात घासतो, आडवे, जोर लावून. कडक केसांच्या ब्रशनं हे वीस वर्षं केलं की दाताच्या मुळाशी खाच पडते, थंड पाणी लागलं की दात सळसळतात. दाबलं की थांबणारा किंवा लाल दिवा लावणारा ब्रश अशांना उपयोगी पडतो. फक्त ब्रश सुरू झाल्यावर हातानं घासायचं नाही. मूठ आवळून न धरता पेनसारखा हलका धरायचा, केस हिरडी आणि दात मिळतात तिथे तिरके टेकवायचे आणि ब्रशला त्याचं काम करू द्यायचं. दोन-तीन सेकंदांनी पुढच्या दातावर सरकायचं. घासायची सवय जायला महिना लागतो. माझी जायला दोन लागले, डॉक्टर असून. हिरड्या सरकायला इतरही कारणं असतात, तेव्हा सासूबाईंबरोबर तुमचंही तोंड एकदा दाखवून घ्या. सरकलेली हिरडी कुठल्याही ब्रशनं परत वर येत नाही, हेही जाता जाता सांगते.

आता रक्ताचं. इथे मला तुमच्या डॉक्टरांचा थोडा राग आला. कदाचित त्यांनी आणखीही सांगितलं असेल आणि घरी येईपर्यंत एकच वाक्य उरलं असेल. असं नेहमी होतं. हिरडीतून रक्त येतं ते बहुधा तिच्या कडेला थर साचून ती सुजते म्हणून. तो थर काही दिवसांत कडक होतो, त्याला आपण कीटण म्हणतो, आणि कीटण झालं की चारशेचा ब्रश असो की दोनशे डॉलरचा, त्यानं ते निघत नाही. दवाखान्यात क्लीनिंग करावंच लागतं. 'क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात' हे तुमच्याकडेही कोणीतरी म्हणेल. हाड झिजून दात आधीच सैल झालेले असतात, कीटणाच्या प्लॅस्टरनं ते धरून ठेवलेले असतात. प्लॅस्टर काढल्यावर खरं काय ते कळतं, एवढंच. तेव्हा आधी क्लीनिंग आणि मग नवा ब्रश. खर्चाची अडचण असेल तर डेंटल कॉलेजची ओपीडी बघा. तुमच्या बाजूला कराड, सांगली, पुणे इथे कॉलेजं आहेत. सरकारी हवं तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. वेळ जास्त लागतो, विद्यार्थी काम करतात, पण वरून शिक्षक तपासतात आणि पैसे बरेच कमी पडतात.

जाताना सासूबाईंच्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या. सगळी पिशवी, चिठ्ठी नव्हे. रक्तदाबावरच्या अम्लोडिपिनसारख्या गोळीनं काहींच्या हिरड्या फुगतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्त जास्त येतं. अशी गोळी मनानं बंद करायची नाही, फक्त दाताच्या डॉक्टरांना ती माहीत हवी. साखरही तपासून घ्या. मधुमेह असला की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही, दोघांचं असं साटंलोटं आहे.

आणि आता दाराची कडी.

मशेरीचा संबंध नाही असं तुम्ही लिहिलंत, पण तरी लिहिलंत. मला वाटतं, तुम्हालाही आतून शंका आहे. पन्नास वर्षं रोज दोनदा भाजलेल्या तंबाखूची पूड हिरड्यांवर चोळली जातेय. दात घासायचं साधन म्हणून आपण त्याला राखुंडीच्या, मंजनाच्या फडताळात ठेवतो, म्हणून तो तंबाखू वाटत नाही. गुटखा खाणाऱ्या जावयाला नावं ठेवणाऱ्या सासवा दुपारी तव्यावर मशेरी भाजताना मी पाहिल्यात. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारनं १९९२ सालीच बंदी केली. पण घरच्या तव्याला कसली बंदी?

तुमच्या ब्रशच्या प्रश्नाशी तिचा संबंध असा आहे. तंबाखूतल्या निकोटिननं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्यामुळे तंबाखूवाल्याच्या हिरड्या आतून बिघडलेल्या असूनही पुष्कळदा रक्त कमी येतं, रोग झाकला जातो. म्हणजे मशेरी चालू असतानाही सासूबाईंना रक्त येतंय, तर दुखणं दिसतं त्याहून पुढे गेलेलं असू शकतं. आणि समजा उद्या त्यांनी मशेरी कमी केली, त्याच आठवड्यात नवा ब्रश आणला, तर काही दिवस रक्त वाढल्यासारखं वाटू शकतं. तेव्हा सगळं घर म्हणेल, 'बघा, त्या मशीननं हिरड्या फोडल्या.' सासूबाई म्हणतील, 'माझी मशेरीच बरी होती.' हे आधीच घरात सांगून ठेवा, म्हणजे तो दिवस आला तर ब्रश कपाटात जाणार नाही. दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर मात्र डॉक्टरांकडे जा.

त्याआधी एक काम करायचं आहे आणि ते क्लीनिंगच्या त्याच फेरीत होतं. तोंडाच्या आतलं अस्तर बघून घ्यायचं : गालाची आतली बाजू, खालच्या ओठामागची खोबण, जीभ आणि तिच्याखालची जागा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेला फोड, कडक झालेली गाठ, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काही असेल तर ब्रशचा विषय बाजूला ठेवून ते आधी. डॉक्टरांना आपणहून सांगा की मशेरी लावतात. त्या स्वतः सांगणार नाहीत, 'मंजन लावते' म्हणतील.

सोडवायची कशी? ओरडून कोणाची सुटलेली मी बघितली नाही. ती कधी आणि का लागली ते आधी विचारा. बहुतेक बायकांची गोष्ट एकसारखी असते : लग्नानंतर दाढ दुखली, जावेनं किंवा शेजारणीनं चिमूटभर दिली, दाढ थांबली, सवय राहिली. मग सकाळी ती लावल्याशिवाय पोट साफ होईना. आणि आणखी एक गोष्ट असते, जी कोणी बोलत नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला घरात एवढीच दहा मिनिटं अशी मिळायची की तोंडात मशेरी आहे म्हणून कोणी तिच्याशी बोलायचं नाही आणि काम सांगायचं नाही. ती दहा मिनिटं तुम्ही काढून घेताय, हे लक्षात ठेवून बोला. पोटाची तक्रार खरी असते, त्याची वेगळी सोय करावी लागते, डॉक्टरांना विचारून. दोन वेळची एक वेळ करणं ही चांगली सुरुवात आहे. संध्याकाळची आधी सुटते. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११२-३५६. फोन तुम्ही लावून द्या, बोलू द्या त्यांना.

'मशेरी सोडली तरच ब्रश' असा सौदा मात्र करू नका. ब्रश बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही, त्यांच्या बोटांना लागणारी ती काठी आहे.

एक आजी होत्या माझ्याकडे. मुलानं हौसेनं इलेक्ट्रिक ब्रश आणून दिला, महिन्यानं तपासायला आल्या तर दात काळेभोर. ब्रश वापरता ना, म्हटलं. म्हणाल्या, 'रोज वापरते की, लई झ्याक लागतो.' त्यावर पेस्टच्या जागी मशेरी लावत होत्या! त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं, नुसता डबा हातात दिला होता. त्यात त्यांचा काय दोष?

म्हणून पत्रात मला एक वाक्य सापडलं नाही, ते तुम्हाला विचारते. दीर काय म्हणतात, नवरा काय म्हणतो, शेजारीण काय म्हणते, सगळं आहे. सासूबाई काय म्हणतात? त्यांना हवाय का हा ब्रश? त्यांना आवाजाची भीती वाटते का, विजेची वाटते का? तुमच्या ओळखीत कोणाकडे असेल तर बंद ब्रश त्यांच्या हातात देऊन बघा, बटण दाबायला लावा, स्वच्छ हाताच्या तळव्यावर चालवून गुदगुल्या कशा होतात ते कळू द्या. घरी आल्यावर पहिले आठ दिवस बेसिनशी सोबत उभ्या राहा. वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावायची, ब्रश तोंडात घालून ओठ मिटायचे, मग बटण. बंद केल्याशिवाय बाहेर काढायचा नाही. काही दात पडून कवळी असेल तर ती काढून वेगळ्या मऊ ब्रशनं धुवायची, त्यावर हे मशीन चालवायचं नाही; कॅप आणि ब्रिजवर चालतं. दोन दातांच्या फटीत यातलं काहीच जात नाही, तिथे डॉक्टर देतील तो बारीक बाटली-ब्रशसारखा ब्रश फिरवायचा. तो त्यांच्या बोटांना जमणार नाही, रात्री तुम्ही फिरवून द्याल का? नाहीच जमलं तर मन खाऊ नका, तुमच्या शाळेच्या वह्याही असतात.

आणि दिराला आजच निरोप पाठवा, बॅग भरायच्या आत. त्यांनी ब्रश अजून घेतला नसेल तर लिहा की आईसाठी मशीन आम्ही इथेच घेतोय, तुमच्या पैशांतून तिचं क्लीनिंग आणि वर्षाची हेड होतील. घेतला असेल तर चार्जरच्या खालच्या बाजूचा फोटो मागवा.